नाव न विचारणारा फॉर्म

"घरात कुणी न्हाई!"

शिरगणतीचे गुरुजी दारात आले, की रत्नाची आई चुलीपासून असं ओरडायची. आजी पाटावर, रत्ना आईच्या पदराला, तरी घरात कुणी न्हाई. बाप्यामाणूस रानात गेला, म्हणजे घर रिकामं. चाळीस वर्षं झाली, तरी तो आवाज रत्नाच्या कानात ताजा होता.

आता गुरुजी येत नसत, मोबाईलवर लिंक यायची. वेल्ह्याच्या डोंगरातल्या या वाडीत बायकांच्या तब्येतीचा सर्व्हे आला, आणि रत्नाच्या नवऱ्यानं, मानसिंगनं, गोठ्यापाशी रेंज धरून तो दोन मिनिटांत भरला.

"घरच्या बाईला काय तरास? न्हाई, असं लिवलं. बरोबर न्हवं?"

"व्हय की," रत्ना म्हणाली.

बरोबर नव्हतं. खोकला आला, शिंक आली की तिची साडी ओली व्हायची. पदराखाली निखारा झाकावा तसं तिनं ते तीन वर्षं झाकलं होतं. एसटीत ती बसतच नसे. सारोळ्याला सासरी लेक सुलक्षणा बाळंत झाली, पण नातीला रत्नानं अजून मांडीवर घेतलं नव्हतं. कधी म्हशीचं निमित्त, कधी लावणीचं.

आठवड्यानं आशाताई अश्विनी कपाळाला हात लावत आली.

"काकी, अडतीस फॉर्मांत दुखणारी बाई औषधालाबी न्हाई! समदे गड्यांनी भरल्यात. अशानं डॉक्टरीणबाईंचं शिबिर दुसऱ्या गावाला जाईल." तिनं आपला मोबाईल पुढं केला. "आता एकेकीच्या हातात देतीय. फॉर्म नाव इचारत न्हाई. दार लावा नि भरा."

"आन् मोबाईल म्हशीनं खाल्ला तर?"

"तर तिचाबी फॉर्म भरा!"

सातवी शिकलेली रत्ना अक्षर अक्षर लावत गेली. 'खोकताना, शिंकताना लघवी सुटते का?' म्हणजे ही विचारायची गोष्ट होती? तिनं 'होय'वर बोट टेकलं. कधीपासून, ते लिहायला जागाच नव्हती. 'धन्यवाद' आलं नि संपलं. कुणी हसलं नाही, कुणी पाठीवर हातही ठेवला नाही.

चार दिवसांनी अश्विनी धावतच आली. "शिबिर शुक्रवारी, हितंच! त्या लघवीच्या प्रश्नाला अकरा जणींनी होय केलंय. कोण, मला ठाव न्हाई. नुसत्या व्यायामानंबी लई जणींना गुण येतो म्हणं. पर डॉक्टरीणबाईंना तोंडानं सांगाय लागंल."

ती गेली, तरी रत्ना उंबऱ्यातच बसून होती. अजून दहा जणी! पाणी भरता भरता, तिच्याच शेजारी, त्याही शिंक दाबत असतील.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, रविवारी बारसं हाय," सुलक्षणा म्हणाली. "माज्यावर राग हाय का तुजा?"

शेजारी मानसिंग दावं वळत बसला होता. रत्ना उठून आत गेली नाही.

"राग न्हाई गं बाय," ती म्हणाली. "माजी लघवी सुटती. तीन वर्सं झाली. म्हणून म्या गाडीत बसत न्हाई."