रविवारचं पाऊच

आमच्या रेणूची भरतकामाची मशीन इथं राहिली आणि रेणू जामनगरला गेली. उलटं झालं असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

धर्मेंद्र, म्हणजे आमचे जावई, तिकडे नोकरीला आहेत. माणूस भला, पण घर म्हणजे चौथ्या मजल्यावरची काडेपेटी. तिथं ही धोंड कुठं ठेवणार? म्हणून उतईच्या रस्त्यावरच्या आमच्या घरात, समोरच्या खोलीत, मशीन चादर पांघरून बसली. पोलादाच्या प्लांटचं क्वार्टर सोडून हे घर बांधलं तेव्हा रेणूला क्लास घेता यावा म्हणून ती खोली मुद्दाम मोठी ठेवली होती. आता तिथं मी एकटीच झाडू मारते.

क्लासला पार चरोद्याहून हिंदी बोलणाऱ्या बाया यायच्या. सगळ्यांना चेनवालं पाऊच शिकायचं असायचं. मशीन एकाच फ्रेममध्ये सगळं करते. आधी जाड कागदावर चेन टाचते, मग वरच्या कापडावर राघू भरते, शेवटी मागचं कापड उपडं टाकलं की चारी बाजूंनी शिवून देते. पण कापड टाकायच्या आधी चेन अर्धी उघडून ठेवावी लागते. विसरलात तर संपलं! पाऊच उलटं शिवलं जातं आणि सुलटं करायला हात घालायला जागाच राहत नाही. म्हणून रेणू प्रत्येकीला न चुकता विचारायची, "चेन खोली क्या?" माझे यजमान तेजराम प्लांटच्या रेल मिलमधून रिटायर झालेले. त्यांचे मित्र ओसरीत चहा पीत बसलेले असायचे आणि आतून हा प्रश्न आला की सगळे कावरेबावरे व्हायचे.

ती गेल्यावर दर रविवारी दुपारी फोन यायचा. "जेवली का? बीपीची गोळी घेतली? लवकर बोल आई, कपडे भिजवले हायत." मग हे फोन घेऊन विचारायचे, "पाणी पडलं का तिकडं?" उन्हाळा असो की हिवाळा, ह्यांचा प्रश्न तोच. तिनं नाही म्हटलं की झालं, फोन बंद. मी कितीतरी वेळ तो काळा पडलेला फोन हातात धरून बसायची. पोटच्या पोरीशी बोलायचं आणि तेही घाईत, ह्याचा मला फार राग यायचा.

एका रविवारी तिनं फोन ठेवायच्या आत मी म्हणून टाकलं, "मले पाऊच शिकव."

"तुले? तू तर मशीनले हात नाई लावत होती!"

"आता लावतो म्हटलं न."

खरं सांगते, मला पाऊचचं काही पडलं नव्हतं. फोन लांबावा एवढंच हवं होतं. आणि लांबला की! तेलाच्या बाटलीला फोन टेकवून मी मशीनपुढे बसले, माझे हात तिला दिसत होते आणि तिचं तोंड मला. पहिल्या दिवशी कागद लावायलाच विसरले, पुढच्या खेपेला चेन उपडी बसवली. रेणू ओरडत होती, हसत होती. क्लासमधला तिचा तो खणखणीत आवाज घरात परत आला होता.

मग एक संकट उभं राहिलं. मला यायला लागलं.

एके दिवशी तिच्याच जुन्या हिरव्या कुर्त्याच्या कापडाचं मी एकटीनं पाऊच केलं. राघूची चोचसुद्धा जागच्या जागी. लेकीला रिकामं काही देऊ नये, म्हणून आत मूठभर तांदूळ घातले, चेन लावली आणि ते तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवलं. शिकले म्हणून सांगितलं असतं तर ती शाब्बास म्हणाली असती आणि पुन्हा "लवकर बोल आई" सुरू झालं असतं. तेव्हा मी चुका करत राहिले. कधी कापड तिरपं लावायचं, कधी दोरा भलताच ओवायचा. सोंग आणायला मला कोणी शिकवावं लागत नाही.

पण हे चिमण्यांना तांदूळ टाकतात, ते मी विसरले. डब्यात हात घातला आणि हाती पाऊच लागलं.

"तुले तं येते," हे म्हणाले.

"येते."

"मंग पोरीची सुटी कावून खाऊन राहिली? हप्त्यातून एक दिवस भेटते तिले."

बरोबर बोलणाऱ्या माणसाची मला चीड येते. त्या दिवशी भाजीत मीठ जरा जास्तच पडलं. पण रात्रभर मनाला लागून राहिलं. लेक कामानं पिचते आणि आई तिला राबवते! येत्या रविवारी नीट करून दाखवायचं आणि तिला मोकळं करायचं, असं मी ठरवलं.

रविवारी कागद ताठ लावला. चेन सरळ. राघू तर असा उतरला की बस.

"आज तर एकदम बढिया करून राहिली तू," रेणू म्हणाली. तिचा आवाज बसलेला वाटला.

आता फक्त शेवटची शिवण उरली होती. चेन बंद होती. मी तिच्या रनरवर बोट ठेवलं आणि थांबले. आता रेणू चेनचं विचारेल, मग उघडीन, म्हटलं तिचा प्रश्न एकदा ऐकून घेऊ.

"कापड टाक न आई."

"टाकू?"

"टाक न. सब ठीक है."

मी फोनकडे बघितलं. रेणू भिंतीकडे बघत होती आणि कानाची पाळी ओढत होती. लहानपणी चोरून कैरी खाल्ली की अशीच ओढायची. तिच्या मागं दोरीवर कपडे वाळत होते. धर्मेंद्रची रविवारीही शिफ्ट असते. त्या घरात तिच्याशी बोलायला भिंतीशिवाय कोणी नव्हतं.

क्लासमधल्या एकाही बाईला जिनं हे विसरू दिलं नाही, ती स्वतः कशी विसरेल? मला एकदम सगळं लख्ख कळलं. ते "लवकर बोल आई" कपड्यांसाठी नव्हतंच. रडू फुटायच्या आत फोन ठेवायची घाई होती ती. आणि मी मेली तिचा राग करत बसले होते.

मी रनरवरचं बोट उचललं. तिला ते दिसलं. बंद चेनवर कापड टाकलं, बटण दाबलं, आणि मशीननं चारी बाजू शिवून टाकल्या.

"अगं माय, चेन तर बंदच राहिली!" रेणू म्हणाली.

"खरंच का वं? पाहा बरं माझं ध्यान!"

ती हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मीही पदर लावला. हे दारात येऊन उभे राहिले. माझ्या हातातलं ते बिनतोंडाचं पाऊच त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. सुटीबिटीचं काही काढलं नाही. वाकून फोनमध्ये विचारलं, "पाणी पडलं का तिकडं?"

"नाई पडलं, बाबा. तुमी बसा न."

हे खुर्ची ओढून बसले. असे ते पूर्वी कधी बसले नव्हते.

"आई, आता उसवावं लागंल," रेणू म्हणाली. "उसव, मी पाहून राहिली. सावकाश उसव."

उसवायला ब्लेड समोरच पडलं होतं. ब्लेडनं पटकन होतं. मी ते बाजूला सारलं आणि सुई घेतली.