हॉलंडचे कंद

विनिता हॉलंडहून परतली आणि पुढच्याच रविवारी डोंबिवलीहून कळव्याला आली, महेंद्र आणि कांताच्या घरी. कंपनीच्या कामाने ती तिकडे गेलेली आणि सुट्टीचे दिवस वैशालीकडे राहिलेली. वैशाली ही महेंद्र-कांताची एकुलती एक मुलगी आणि विनिता तिची कॉलेजपासूनची मैत्रीण.

"वैशूने दिलंय," म्हणत तिने एक खोका टीपॉयवर ठेवला. खोक्यावर लालभडक फुलाचं चित्र होतं, भोंग्यासारखं तोंड उघडलेलं. कांताने झाकण काढलं. आत काथ्याच्या भुशात दोन मोठाले कांदे झोपवलेले.

"अगं, हे कांदे कशाला पाठवले तिने?" कांता म्हणाली.

"कांदे नाहीत काकू, कंद आहेत. अमरिलिसचे. आपल्याकडे लिली म्हणतात ना, तसलंच. तिकडे थंडीत घराघरात लावतात. बाहेर सगळं गोठलेलं आणि आत खिडकीशी हे फूल. वैशूच्या खिडकीत पण आहेत."

महेंद्र कंदाकडे बघत राहिला. विनिताशी बोलताना त्याला नेहमीच अवघडल्यासारखं व्हायचं. चहा झाला, तिकडच्या थंडीच्या गोष्टी झाल्या. ती निघाली तेव्हा तो तिला सोडायला लिफ्टपर्यंत गेला. लिफ्ट वर यायला वेळ लागत होता.

"विनिता," तो म्हणाला, "ती तुझ्याकडे राहायची तेव्हा... आमच्याबद्दल काय म्हणायची?"

विनिताने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "आईची आठवण काढायची काका. तुमच्याबद्दल काही बोलायचीच नाही."

लिफ्ट आली. ती गेली.

वैशालीचं लग्न महेंद्रनेच जमवलं होतं. मुलगा शहाडजवळच्या मोहन्याचा, संदेश, बँकेत नोकरीला. घर ओळखीचं, आपल्यातलं, संदेशचे वडील चळवळीत वावरलेले. महेंद्र तेव्हा ठाण्याला जिल्हा परिषदेत होता आणि कळव्याच्या विहाराच्या कमिटीचा सेक्रेटरी होता. कुणाच्या घरात नवरा-बायकोचं वाजलं की लोक त्याला बोलवायचे. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात तो स्त्रियांच्या हक्कांवर बोलायचा, आणि चांगलं बोलायचा. पुढच्या रांगेतल्या बायका माना डोलवायच्या.

लग्नाला दीडेक वर्ष झालं असेल. एका दुपारी वैशाली बॅग घेऊन दारात उभी राहिली. कानाखाली सूज होती. "पप्पा, मी आता तिकडे जाणार नाही," एवढंच म्हणाली.

कांताने बर्फ लावला. महेंद्र बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिला. मग म्हणाला, "राहा दोन-तीन दिवस. मी बोलतो त्यांच्याशी." तो फोनवर बोलला. संदेशने माफी मागितली, त्याच्या वडिलांनी शब्द दिला. जयंती जवळ आलेली, लोक घरी येत-जात होते, प्रत्येक जण विचारत होता की वैशू कधी आली, जावई नाही का आले. तिसऱ्या दिवशी महेंद्र स्वतः तिला घेऊन निघाला. शहाडला उतरून रिक्षा केली. जुन्या रेयॉन कंपनीच्या भिंतीकडेने रिक्षा जात होती तेव्हा वैशाली बाहेर बघत होती. ती काही बोलली नाही. ऐकलं तिने, असं त्याला वाटलं आणि बरं वाटलं.

त्यानंतर ती पुन्हा कधी बॅग घेऊन आली नाही. एका सकाळी संदेशचाच फोन आला. "वैशाली तुमच्याकडे आलीय का?"

ती डोंबिवलीला गेली होती. विनिता आणि तिची आई राहायच्या त्या दोन खोल्यांच्या घरात. तिथूनच ती नोकरीला जायला लागली, तिथूनच कल्याणच्या कोर्टात घटस्फोटाच्या तारखांना गेली. सोबत विनिता असायची. आपल्याला बोलावलं तर जाऊ, असं महेंद्र ठरवून बसला होता. त्याला कुणी बोलावलं नाही. मग घटस्फोट झाला, कंपनी बदलली आणि वैशाली हॉलंडला गेली. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा, आईच्या फोनवर. शेवटी ती विचारायची, "पप्पा बरे आहेत ना?" कांता फोन त्याच्याकडे वळवायची. तो हात वर करायचा. झालं.

कंद आले आणि बोलायला विषय मिळाला.

"अर्धा कंद मातीच्या वर राहू दे," वैशाली फोनवर सांगत होती. "पूर्ण गाडायचा नाही. आणि आई, पाणी अगदी थोडं. कोंब येईपर्यंत जवळजवळ नाहीच."

महेंद्रने दोन्ही कुंड्या भरल्या. पहिल्यांदाच तो फोनसमोर पाच-दहा मिनिटं बसला. कुंडी कॅमेऱ्यासमोर धरली. "एवढा वर चालेल?"

"अजून थोडा वर घ्या पप्पा. हां. बास."

कुंड्या हॉलच्या खिडकीशी, कांताच्या शिलाई मशीनवर ठेवल्या. ग्रिलमध्ये ठेवाव्यात तर कबुतरं. शिवाय ही घरात फुलणारी झाडं, घरातच बरी. शेजारच्या बाई आल्या, म्हणाल्या, "काय हो, कांदे पेरलेत?" कांताने त्यांना खोक्यावरचं चित्र दाखवलं.

दिवस जात होते. कंद जसेच्या तसे. महेंद्र सकाळी उठला की आधी मशीनपाशी जायचा, चष्मा लावून वाकून बघायचा. रिटायर झाल्यापासून त्याला करण्यासारखं असं काही नव्हतं आणि विहाराच्या कमिटीतून तो वैशालीच्या घटस्फोटानंतर हळूहळू बाजूला झाला होता. कुणी काढलं नव्हतं. त्यालाच माईकसमोर उभं राहवेना.

"आलं का काही?" कांता आतून विचारायची.

"नाही अजून."

रविवारी वैशाली पण तेच विचारायची. तो सांगायचा, "नाही अजून." माती त्याला कोरडी वाटायची. एवढ्या लांबून आलेला जीव, इथलं ऊन, इथली हवा, सुकून गेला तर? कांता उठायच्या आत तो पेलाभर पाणी दोन्ही कुंड्यांत ओतायला लागला. उजवीकडची कुंडी पुढे असल्यामुळे तिला जरा जास्तच मिळायचं. कांताला त्याने सांगितलं नाही. ती ओरडली असती.

फेब्रुवारीत एकदा कुंडीतून वास आला. त्याने उजवीकडचा कंद बोटाने दाबला. बोट आत गेलं. उपसून बघितला तर खालून सगळा काळा, लिबलिबीत झालेला. कांता मागे येऊन उभी होती.

"पाणी कोण घालत होतं?"

तो काळा कंद कागदात गुंडाळायला लागला.

रविवारी लपवता येण्यासारखं नव्हतं. त्याने रिकामी कुंडी कॅमेऱ्यासमोर धरली. "वैशू, एक गेला. मीच पाणी घालत होतो रोज. सुकेल असं वाटलं."

वैशाली हसली. कितीतरी वर्षांनी त्याच्याशी बोलताना हसली. "अहो पप्पा, त्याच्या पोटात सगळं असतं. फूल आधीपासून आत तयार असतं. आपण फक्त थांबायचं. उठसूट काही करायचं नाही."

"बरं," तो म्हणाला. "दुसऱ्याला हात लावत नाही."

आणि खरंच त्याने लावला नाही. दुसऱ्या कंदाच्या मानेतून एक हिरवं टोक बाहेर आलं तेव्हा त्याने कांताला हाक मारली आणि दोघं तिथे उभी राहिली, विहारात वंदनेला उभं राहावं तशी. टोक वाकडं, एका बाजूने निघालेलं. मग ते फुगलं, त्याचा जाड दांडा झाला. दांडा उजेडाकडे झुकायचा. महेंद्र रोज कुंडी थोडी फिरवायचा. तेवढं करायला वैशालीने सांगितलं होतं.

मार्चमधल्या एका सकाळी कळीचं सालपट फाटलं होतं आणि एक फूल पूर्ण उघडलं होतं. दुसरं उघडत होतं. खोक्यावरच्या चित्रापेक्षा रंग गडद, आणि पाकळ्यांना मखमलीसारखी चमक. कांता विहारात गेलेली, बायकांची बैठक होती. रविवार नव्हता. महेंद्र थोडा वेळ फुलाकडे बघत बसला. मग त्याने स्वतःच्या फोनवरून वैशालीला फोन लावला.

"पप्पा?" तिचा आवाज घाबरलेला. "काय झालं? आईला काय झालं?"

त्याच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आपण हिला एकदाही आपणहून फोन केलेला नाही.

"काही नाही गं. आई बरी आहे. फूल आलं, ते सांगायला केला."

पलीकडे ती श्वास सोडताना ऐकू आली. त्याने व्हिडिओ सुरू करून फूल दाखवलं. ती अंथरुणात होती, तिकडे अजून उजाडायचं होतं. "मस्तच आलंय," ती म्हणाली. "जपलंत तुम्ही."

"वैशू." त्याने फोन मशीनला टेकवून ठेवला. "मला एक बोलायचंय. त्या वेळी मी तुला परत नेऊन सोडायला नको होतं. चुकलो मी. पोरीच्या कानाखाली सूज दिसत होती आणि मी लोक काय म्हणतील ते बघत बसलो. तू आपल्या घरी आली होतीस."

वैशाली उठून बसली. केस मागे केले.

"ते मी कधीच सोडून दिलं पप्पा," ती म्हणाली. "तुम्हाला दुसरं काही सुचलं नसेल. कितीतरी जणींचे आई-बाप तेच करतात. त्याचा नाही राग."

"मग?"

"तुम्ही तिथे पेढे घेऊन गेलात. आठवतं? शहाड स्टेशनबाहेरून घेतलेत. त्यांनी चहा सांगितला. तो मीच केला, आत जाऊन. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा त्याचे वडील काहीतरी जोक मारत होते आणि तुम्ही हसत होतात. टाळी दिलीत त्यांना. मी ट्रे घेऊन उभी होते. मला वाटलं होतं, निदान गंभीर चेहऱ्याने बसाल. त्यांना कळेल की हिच्या मागे कुणीतरी आहे. तुम्ही हसलात ना, तेव्हा त्या लोकांना पण कळलं आणि मला पण."

महेंद्रला पेढे आठवत होते. चहा आठवत होता. हसल्याचं आठवत नव्हतं. त्याने आठवून बघायचा प्रयत्न केला, पण काहीच आलं नाही. जी गोष्ट आठवतच नाही तिची माफी कशी मागायची, ते त्याला कळेना.

"मला..." तो म्हणाला.

"असू दे पप्पा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. मे महिन्यात मी येणारे, आईला पण सांगा. विनिताकडे उतरेन. तुमच्याकडे येऊन जाईन एक दिवस."

"इथे नाही राहणार?"

"नाही," ती म्हणाली. आवाज कडू नव्हता. "तिथे मला झोप नाही लागायची."

कांता दुपारी आली तेव्हा फुलाकडे बघून तिने टाळ्या वाजवल्या. मग तिचं लक्ष महेंद्रकडे गेलं. त्याने तिला सगळं सांगितलं, टाळीसकट. ऐकताना ती मशीनसमोरच्या स्टुलावर बसली.

"तुम्ही एकटेच नव्हता त्यात," ती म्हणाली. "ती आली तेव्हा बॅगेत कपडे कोंबून आणले होते तिने. हाताला लागतील ते. मी सगळे बाहेर काढले, इस्त्री केली, घड्या घातल्या. नीट भरून दिली बॅग. आणि म्हटलं काय, तर तिकडे गेल्यावर चांगली साडी नेसून समोर जा." तिने पदराने नाक पुसलं. "मला कधी काही बोलली नाही ती त्याबद्दल. दर रविवारी फोन करते. मला वाटायचं, विसरली असेल."

महेंद्रने तिला पाणी आणून दिलं. बाहेर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, कुणाच्या तरी घरात.

फुलं आठवडाभर टिकली. नंतर वैशालीने सांगितल्याप्रमाणे महेंद्रने दांडा कापला आणि मागून लांब पट्ट्यासारखी पानं आली.

मे महिन्यात वैशाली आली. केस कापलेले, थोडी भरलेली, चालण्यात घाई. कांताने पहाटेपासून स्वयंपाक केला होता. जेवताना वैशाली तिकडच्या ऑफिसबद्दल बोलली, सायकलीबद्दल बोलली, तिकडे कायमचं राहायचा परवाना मिळाल्याचं सांगितलं. महेंद्रने "अभिनंदन" म्हटलं. मग एवढंच का म्हटलं असं वाटून त्याने तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. तिने "पुरे पुरे" म्हणत ती अर्धी मोडून खाल्ली.

जेवण झाल्यावर ती सोफ्यावर टेकली. कांता आत भांडी आवरत होती. बोलता बोलता वैशालीचे डोळे मिटले आणि ती तशीच झोपली, पायातल्या मोज्यांसकट, एक हात खाली लोंबकळत.

महेंद्रने पंखा एकने वाढवला. कांता दारात आली तर त्याने तिला ओठांवर बोट ठेवून खूण केली. कांताने भांडी तशीच सोडली आणि जमिनीवर येऊन बसली. दोघं जण बसून राहिली. खाली भाजीवाला ओरडत गेला तेव्हा महेंद्रने उठून खिडकी हळूच लावून घेतली.

तासाभराने ती दचकून उठली. घड्याळ बघितलं. "अगं आई, उठवायचं ना! विनिता थांबलीय माझ्यासाठी." तिने पर्स घेतली, बूट घातले. कांताने डबा बांधून ठेवला होता, तो घेतला. दारात महेंद्र म्हणाला, "मी येतो स्टेशनपर्यंत."

"नको पप्पा, ऊन आहे. मी रिक्षाने जाते."

तो आग्रह करणार होता. केला नाही.

"पोचल्यावर मेसेज कर," तो म्हणाला.

"करते," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.