काटा अठरावर

शेजारचा पत्रू पानठेल्यावर सगळ्यांसमोर म्हणते, "देवरावभाऊ, वैनी काई आता येत नाई."

माही सुगंधा बल्लारपूरले, पुनमपाशी. पोरीचं बाळंतपण झालं, बारसं झालं. आता पोरगी म्हणते, आई, इथीच राह्य, मी ड्युटीवर गेली तं लेकरू कोण पाह्यल? अन् सुगंधा फोनवर हो बी म्हणत नाई, नाई बी म्हणत नाई.

मी म्हटलं, "लाव पैज. काटा अठरावर जायच्या आत येते का नाई पाय."

जंगलाकडच्या रिसॉर्टचा स्विमिंग पूल मी सांभाळतो. फिल्टरमधली रेती साफ असली का प्रेशरचा काटा दहावर राह्यते. कचरा अडकला का चढते. अठरा झाले का रेती धुवाची.

"अन् हारला तं?"

"बाजाराच्या दिवशी बायकोचं लुगडं नेसून बोरिंगवर पाणी भराचं. तू हारला तं तू."

मंग काय, काटा चढाचं सोडून उतरूनच राह्यला. नऊ, आठ, सहा. मी पत्रूच्या घरी जाऊन त्याच्या बायकोले, धुरपतावैनीले, त्याच्यासाठी लुगडं बी निवडाले लावलं. "हिरवं द्या, काया माणसाले शोभते."

पण तिकडं पूलचं पाणीच हिरवं पडलं. मॅनेजर बोंबलला. शेवटी मी पंपाच्या तोंडची जाळीची टोपली उघडली, तं मोहाच्या फुलांनं गच्च. पंपाले पाणीच भेटून नाई राह्यलं, काटा चढल कुठून?

दरसाली पूलकाठच्या मोहाची फुलं सुगंधा पहाटेच वेचून न्यायची. वाऱ्यानं पाण्यात पडाले उरतच नवती. टोपलीतून आंबूस वास आला, तिच्या हाताले यायचा तोच. मी उगाच बसून राह्यलो.

टोपली साफ करून पंप लावला, तं काटा सरळ एकोणीसवर. पंप बंद केला, हँडल फिरवलं, उलटं पाणी सोडून रेती धुतली. काटा दहावर आला. मंग तिले फोन लावला.

"मोह पडून राह्यला व. येतं का?"

"हळू बोला. लेकरू आताच झोपलं."

बाजाराच्या दिवशी बोरिंगवर ही गर्दी. पत्रू शिट्ट्या मारे. धुरपतावैनीनं माह्या डोक्यावरचा पदर नीट केला अन् इचारलं, "कवा आली व सुगंधाबाई?"

बाया लोटपोट हासल्या.

"अजून नाई आली," मी म्हटलं, अन् पाण्याची दुसरी गुंडी बोरिंगखाली लावली.