चित्र सुनेचं, पक्षी सासूचा

गच्चीवरच्या खोलीतून जवसाच्या तेलाचा वास खाली आला की पद्मिनीबाई नाकाला पदर लावत. "चटणीवर घ्यायचं तेल, अन् ही बाई फडक्याले पाजून राहिली," असं जिन्याकडे तोंड करून म्हणत, म्हणजे वरपर्यंत पोचावं.

वर त्यांची सून शर्मिष्ठा तैलरंगात समुद्र काढत बसलेली असे. मालवणची पोरगी. सचिननं ही कुठून शोधून आणली, याबद्दल आईनं त्याला अजून माफ केलं नव्हतं. रायपुरात समुद्राचं कोणाचं काय अडलंय? एका चित्रात होड्या, दुसऱ्यात नुसत्याच लाटा, तिसऱ्यात वाळूवर बगळा. तो बगळा मात्र इथल्याच, रायपुरातल्या तेलीबांध्याच्या तलावावरचा. त्याला उचलून हिनं मालवणात नेऊन उभं केलेलं. पद्मिनीबाईंचे यजमान हयातीत रेल्वेत तिकीट तपासायचे. "बिनातिकिटाचा गेला बिचारा," त्या म्हणाल्या. "हे असते तर त्याले दुर्ग टेसनावरच उतरवून दिलं असतं."

त्या खोलीत पूर्वी त्यांचे कुरोड्यांचे आणि सांडग्यांचे डबे असत.

मग रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, गावभर नव्या पाट्या लागल्या. सचिनच्या कचेरीत बैठकीच्या खोलीची भिंत उघडी दिसत होती. साहेबांना तिथं मैना हवी होती, राज्याचा पक्षी म्हणून. सचिननं बायकोचं नाव सांगितलं, आणि त्याच रात्री जेवताना पद्मिनीबाईंनी अट घातली.

"चित्र पसंत पडलं तर खोली तुझी. वापस आलं तर ते कुंचले, बाटल्या कबाडीले, अन् माझे डबे वर."

 त्या खोलीखेरीज या घरात शर्मिष्ठाचं म्हणावं असं काही नव्हतं. पद्मिनीबाईंना ते चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर अट.

"बरं, आई. पण मैना दिसते कशी? काळी असते असं कोणी म्हणत होतं. साहेबांना विचारायला हवं."

"साहेबाले काहून? मी मेली का? मैना म्हणजे आपली साळुंकी. हिंदीत मैना, आपल्यात साळुंकी. साऱ्या पाऱ्यात, गल्लीगल्लीत विचारून ये. लग्न होऊन आली तवापासून आंगणात पाहून राहिली मी. समुद्रातल्या लोकाइले काय समजते?"

"आई, एक बार पूछ लेता हूँ," सचिन पुटपुटला.

"पूछ लेता म्हणे! मायवर भरोसा नाही, साहेबावर आहे."

मग त्या गुडघे धरत रोज वर जाऊन बसू लागल्या. डोळ्याभोवती पिवळं घाल. अंग तपकिरी कर, मातीत लोळल्यासारखं. मागचा समुद्र पूस, इथं काय होड्या चालतात? शर्मिष्ठानं समुद्र पुसला, चिंचेची फांदी काढली. पक्षी असा उतरला की पद्मिनीबाईंच्या मनात आलं, दोन दाणे टाकावेत. तसं बोलल्या मात्र नाहीत. सदर बाजारात सोनाराच्या पेढीवर सांगून आल्या, "पक्षी मीच सांगितला."

आठवडाभरानं सचिन स्कूटरवरून उतरला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चित्र घेऊनच.

"साहेब हसले. बोले, भाई, ये तो गली वाली मैना है. राज्याची ती पहाडी मैना. काळीभोर असते म्हणे, कानामागं पिवळी. आता दुसऱ्याकडून करवून घेऊन राहिले."

शर्मिष्ठा जिना चढून गेली. वर बाटल्या वाजू लागल्या.

पद्मिनीबाईंनी उत्तरं तयार ठेवली होती. ती रडली असती तर एक, 'तुम्हीच सांगितलंत' म्हणाली असती तर दुसरं, चांगलं झणझणीत. पण तिनं तोंडच उघडलं नाही, आणि उत्तरं तशीच पडून राहिली. शेवटी त्या वर गेल्या. शर्मिष्ठा रंगाच्या नळ्या खोक्यात भरत होती.

"काय करून राहिली?"

"कबाडीवाला सकाळी येतो ना, आई."

"मी काय म्हटलं होतं?"

"चित्र परत आलं तर..."

"चित्र कुठं आलं वापस? चित्राले कोणी नाव ठेवलं का? पक्षी वापस आला. चित्र तुझं होतं, पक्षी माझा. माझ्या पक्ष्यापायी तुझी खोली काहून जाईन? सासूचं सुनेच्या माथी मारणारं घर वाटलं का हे तुले?"

त्या दिवसापर्यंत ते अगदी तसंच घर होतं. शर्मिष्ठानं नळ्या पुन्हा बाहेर काढायला घेतल्या.

"अन् आता समुद्रच काढ," पद्मिनीबाई जिन्यावरून म्हणाल्या. "त्यात मले कोणी विचारत नाही, तेच बरं."

चित्र खाली बैठकीत लागलं. पुढल्या रविवारी पंडरी मोहल्ल्यातली ओळखीची रमा हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आली आणि भिंतीकडे पाहत राहिली.

"अगंबाई, मैना किती गोड काढली!"

"मैना कोणाले म्हणून राहिली वो?" पद्मिनीबाई कडाडल्या. "डोळे आहेत का बटनं? साळुंकी होय ती. मैना काळी असते. रायपुरात जल्म काढला, अन् एवढं समजत नाही बाईले!"