मनुला दुसरं नाव नाही

चूक कपिलचीच होती. फॉर्मवर मुलीच्या नावापुढे रिकामा चौकोन दिसला आणि आपल्याकडच्या सवयीनं त्यानं तिथं बापाचं, म्हणजे स्वतःचंच नाव ठोकून दिलं. मनु कपिल. श्टुटगार्टजवळच्या त्या लहानशा गावच्या श्टांडेसआम्टमध्ये, जन्मनोंदणीच्या काउंटरवर, फ्राऊ बॉयर्लेंनी ते वाचलं आणि जाडजूड नावकोश काढला. कपिल पुरुषाचं नाव, मनुही पुरुषाचंच. मग मुलगी कुठं आहे?

मुलगी ऊर्मिलाच्या कुशीत गाढ झोपली होती.

कपिलनं घाईघाईनं आपलं नाव खोडलं, पण आता बाईंच्या मनात शंका शिरली होती. मनुला जोडून बायकी असं दुसरं नाव द्या, नाहीतर दाखला नाही. दाखला नाही तर पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही तर व्हिसा नाही. सांगलीत कपिलच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधी त्यांना नात बघायची होती. घोडं नेमकं इथंच अडलं.

"उल्का लिहू या ना," कपिल म्हणाला. "कागदावरच तर आहे. एवढ्यानं काय आभाळ कोसळतंय?" आणि त्यानं नव्या फॉर्मवर सही करूनही टाकली. आता फक्त ऊर्मिलाची हवी होती.

तिनं पेन उचललं नाही. ती जर्मनीतच जन्मलेली. तिच्या आईबाबांनीही अशाच एका काउंटरवर निमूट सही केली होती, आणि शाळा संपेपर्यंत ती क्लाउडिया होती. वर्गात स्वतःच्या नावाला ओ द्यायला तिला कधी मिळालंच नाही. तो राग अजून गेला नव्हता.

"ही अट डिसेंबरात घटना न्यायालयानं चुकीची ठरवली आहे," ती बाईंना म्हणाली.

"हे बघा, ते तिकडे कार्ल्सरूहेच्या कोर्टात. इथं आमच्या सूचना चालतात."

"राज्यघटनेचं पहिलंच कलम आहे. मूलभूत हक्क संसदेला बांधतात, न्यायालयाला बांधतात आणि प्रत्येक सरकारी कचेरीला बांधतात. बर्लिनच्या मंत्र्याला जसे, तसेच तुम्हालाही. नकार लेखी द्या, कारणासकट, खाली तुमच्या सहीनं."

बाईंचा चेहरा उतरला. तोंडी नाही म्हणायला काय जातंय? त्याखाली सही करायची म्हणजे जिवावर येतं. त्या वरच्या कचेरीला फोन करायला आत गेल्या.

चाळीस मिनिटं झाली.

"अगं, कर ना सही," कपिल हलक्या आवाजात विनवत होता. "बाबांना काही झालं तर? तुला स्वतःला माफ करता येईल?"

बाळ चुळबुळलं. ऊर्मिलानं त्याला घट्ट जवळ घेतलं, पण पेनाला हात लावला नाही.

बाई परतल्या. त्यांनी दाखला छापला, शिक्का मारला. नाव एकच होतं, मनु. कपिलनं सही केलेला फॉर्म त्यांनी त्याच्याकडे परत सरकवला.

बाहेर बसथांब्यावर कपिल हसत म्हणाला, "जिंकलीस! मला वाटलं, त्या बाईला बघून तू घाबरशील."

"तिच्यासाठी माझ्याकडे कलम होतं रे," ऊर्मिला म्हणाली. "तुझ्या सहीपुढे काहीच नव्हतं. मी तुलाच घाबरले होते."