उन्हात राहिलेलं हेड

छपाईच्या त्या मोठ्या मशीनच्या, शाई फवारणाऱ्या चार हेडना थोरल्या सुनेशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा तिच्या नवऱ्याचा दंडकच होता. यूव्ही शाईवर ऊन पडलं की ती दगड होते, आणि हेडची भोकं केसाहून बारीक. थोरली रोज सकाळी शाई हलवायची, धागा न सुटणाऱ्या बोळ्यानं हेडचा तळ टिपायची, मग तपासणीच्या रेघा छापायची. एक रेघ जरी तुटली तरी काम बंद. धाकटा दीर चेष्टा करायचा, "वहिनी, लेकराचं नाक पुसताय की काय?" तीही हसायची.

त्या दुपारी ती जेवून आली, तर खिडकी सताड उघडी. शाईच्या वासानं डोकं उठलं म्हणून दिरानं काळा पडदा ओढून काढला होता. चालू काम थांबवून, हेड न झाकता मशीनच्या टेबलाच्या मधोमध सोडून तो फोनवर बोलायला बाहेर गेला होता. हेडखाली चकचकीत पत्रा. ऊन त्यावरून उसळून थेट हेडच्या तळावर बसत होतं.

ती खाली वाकली. चारही हेडवर शाईची साय धरली होती.

दीर आत आला, त्यानंही पाहिलं, आणि कटरचं पातं उचललं.

"भावजी, ठेवा ते! शाई विरघळायच्या औषधात भिजू द्या आधी. चार तास लागतील."

"चार तास? गिऱ्हाईक दारात उभंय."

"खरवडलं तर हेड कायमचं गेलं."

"तू मला शिकवू नकोस!"

तिनं त्याचं मनगट धरलं. त्यानं हिसडा दिला आणि पातं तिच्या तळव्यावरून खोलवर फिरलं. मग त्यानं तिला ढकललं. टेबलाची लोखंडी कड कपाळावर बसली. तिनं हाताला लागली ती स्टीलची पट्टी उचलून त्याच्या कोपरावर हाणली. पातं पडलं. त्यानं तिची वेणी पकडून तिला जमिनीवर आपटलं.

आवाज ऐकून नवरा शेजारच्या खोलीतून धावत आला. त्यानं काही विचारलं नाही. भावाला गचांडी धरून रॅकवर आदळलं, बाटल्या फुटल्या, आणि निळ्या-लाल शाईत त्याला पाडून तो छातीवर बसला. "वहिनीवर हात टाकतोस?" एकेका शब्दाला एकेक ठोसा. काहीतरी कडकन मोडलं.

थोरली उठली. तिनं खिडकी लावली, पडदा टांगला. औषधात भिजवलेली कापडाची घडी रक्ताळलेल्या हातानं हेडखाली नीट बसवली. मग वळली. दिराचं तोंड ओळखू येत नव्हतं.

"अहो, सोडा! मरेल तो!" ती नवऱ्याच्या दंडाला लोंबकळली, तेव्हा कुठे तो थांबला.

दिराचा जबडा तारांनी बांधावा लागला. तिच्या तळव्याला सात टाके पडले. तीन हेड वाचली, चौथं गेलंच.

दवाखान्याच्या बाकावर सासू तिच्याशेजारी येऊन बसली.

"थोरला सांगत होता, धाकट्यानं काढलेला पडदा पुन्हा लावलेला होता म्हणे. कधी लावलास?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"ते मारामारी करत होते तेव्हा."

"माझी पोरं एकमेकांचा जीव घेत होती, आणि तू मशीन पुसत होतीस?"

"हो."

सासू उठली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. थोरली पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसून राहिली. हात दुपारपासून ठणकत होता, पण ती रडली ती आत्ता.