खुल्या बंदरातल्या गोण्या

वासुदेवरावांना गप्प बसता येत नाही, हे मुंबईच्या अख्ख्या मशीद बंदरला छत्तीस वर्षं ठाऊक होतं. ते मुलाकडे राहायला आले आणि जर्मनीतल्या कोलोनला हे कळायला पंधरा दिवस पुरले.

"एका फ्लॉवरला दोन युरो? म्हणजे जवळपास दोनशे रुपये! लूट आहे लूट!" असं ते भर दुकानात ओरडले की त्यांचा मुलगा मयुरेश मान खाली घालायचा. सून ऊर्मिला मात्र खुदकन हसायची. गुणाची पोर! म्हाताऱ्याचा तिच्यावर भारी जीव.

ऊर्मिला इथल्या युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होती. विषय होता इंग्रजांच्या अमलातलं, मलायातल्या पेनांगचं खुलं बंदर. मालावर जकात नाही, व्यवहार चांदीच्या डॉलरमध्ये, आणि तिकडे युरोप सोन्याच्या चलनावर गेलेला. सोमवारी तिला प्रोफेसरांपुढे बोलायचं होतं. पटलं तर स्टिपेंडियम, म्हणजे शिष्यवृत्ती, आणखी वर्षभर चालू, नाहीतर चार वर्षांची मेहनत पाण्यात.

रविवारी दुपारी तिला तालमीला ऐकणारं कुणीतरी हवं होतं. मयुरेश डाराडूर झोपलेला. नात स्पृहा "लांगवाइलिग!" म्हणत, कंटाळून, पळाली. उरले सासरे.

"बाबा, हॅम्बुर्गच्या एका पेढीच्या जुन्या वह्या मिळाल्यात मला. पहिल्या वर्षी पेनांगहून दोन लाख मार्कांची मिरी आली. वीस वर्षांनी एक लाख चाळीस हजारांची. मार्क सोन्याचा, डॉलर चांदीचा. चांदी घसरली आणि बंदर बुडालं."

वासुदेवरावांचा जन्म मिरीच्याच वखारीत कारकुनी करण्यात गेलेला. ते पटकन बोलून गेले, "गोण्या किती?"

"अं?"

"गोण्या गं! पैसा आज इतका, उद्या तितका. आमचा शेठ म्हणायचा, आधी गोण्या सांग, मग पैसे."

ऊर्मिलाने वहीची पानं उलटली. आधी चार हजार. वीस वर्षांनी चार हजार सहाशे.

"मग बुडालं कुठे? माल तर वाढलाय! तिथला व्यापारी चांदीत विकणार, मजुराला चांदीच देणार. त्याला काय तुझ्या मार्काचं? चांदी उतरली म्हणून हॅम्बुर्गवाल्याला मिरी स्वस्त पडली, म्हणून त्याने जास्त उचलली. रडायचं ते तिथे विलायती कापड मागवणाऱ्याने. त्याला सोन्यातली किंमत जास्त चांदी देऊन चुकवावी लागली ना!"

ऊर्मिलाचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, उद्या बोलायचंय मला! आणि हे आज सांगताय?"

खोलीचं दार आपटलं. आतून हुंदके ऐकू आले, आणि वासुदेवराव स्वतःलाच बोल लावू लागले. 'मेल्या, काय गरज होती शहाणपणा पाजळायची? लेकीसारखी पोर, तिच्याच कामावर नांगर फिरवलास!' संध्याकाळी त्यांनी मयुरेशला सांगितलं, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून घे." कारण काही सांगितलं नाही.

सोमवारी ऊर्मिला परतली तेव्हा ते बॅगेत सदरे भरत होते.

"काय झालं गं?" त्यांनी हातातला सदरा ठेवत विचारलं.

"सांगितलं सगळं. म्हटलं, चार वर्षं मी मार्क मोजत बसले, गोण्या मोजल्याच नाहीत. बंदर बुडालं नव्हतं, चुकले मी. प्रोफेसर वही बघतच बसले. मग म्हणाले, गेनाऊ, अगदी बरोबर! आत्ता कुठे प्रबंध सुरू झाला."

"आणि स्टिपेंडियम?"

"दिलं. वर्षभर."

वासुदेवराव पलंगावर बसले. डोळे पुसायचं भान त्यांना राहिलं नाही.

ऊर्मिलाची नजर बॅगेकडे गेली. "हे काय? कुठे निघालात?"

"नुकसान केलं गं तुझं. म्हटलं, तोंड काळं करावं."

"अहो बाबा!" ती त्यांच्याशेजारी टेकली. "चार वर्षांत माझं काम कुणी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं. तुम्ही ऐकलंत."

वासुदेवरावांनी मुकाट्याने एकेक सदरा बाहेर काढायला घेतला.